ढोलीतली पिल्ले बाजारात येतात तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मिळाले. आठवडी बाजारात गोणपाटाखाली झाकलेल्या टोपलीत पोपटाची पिल्ले दिसली, तेव्हा ती सगळी विकत घ्यावीत आणि शेतात नेऊन सोडून द्यावीत असे तुला वाटले. तुझी तळमळ मला कळते. तरीही ती घेऊ नकोस, असेच मी सांगेन. तू ती कशासाठी घेतलीस याच्याशी विकणाऱ्याला काही देणेघेणे नसते. टोपली रिकामी झाली, की पुढच्या बाजारासाठी तो आणखी झाडे धुंडाळतो. शिवाय अंगावर धड पिसेही नसलेली ती पिल्ले आई-बापांनी भरवल्याशिवाय शेतात जगणार नाहीत.

आता त्या झाडांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरे नुकसान तिथे होते. पोपट सहसा नवे झाड कोरत नाही; सुतार किंवा तांबट पक्ष्याने सोडलेली, अथवा फांदी मोडून कुजल्याने पडलेली ढोली तो थोडी रुंद करून वापरतो. आपल्या मराठवाड्यात जंगल मोजकेच, त्यामुळे अशा ढोल्या असतात त्या बांधावरच्या जुन्या चिंचेत, आंब्यात, कडुनिंबात, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या हिमायत बागेसारख्या जुन्या झाडीत. साधारण जानेवारी ते एप्रिल हा विणीचा काळ. ३-४ अंडी, सुमारे २२-२३ दिवस उबवण, आणि मग ६-७ आठवडे पिल्लांना भरवणे. पकडणारा नेमका याच दिवसांत येतो, कारण लहान पिल्लू लवकर माणसाळते. हात आत जात नसेल, तर कुऱ्हाडीने ढोलीचे तोंड फोडले जाते, कधी फांदीच पाडली जाते. पिल्ले गमावलेली जोडी पुढच्या हंगामात पुन्हा अंडी घालू शकते; फुटलेल्या ढोलीत मात्र पाऊस शिरतो, मांजर पोहोचते, आणि पोपटाबरोबरच पिंगळा, नीलपंख, साळुंकी यांचेही घर जाते. नवी ढोली पडायची, तर आधी झाडाला तेवढे वय व्हावे लागते.

पोपट काय कमी आहेत, असे तुला गावात ऐकावे लागेल. ज्वारीच्या कणसांवर थवा उतरला, की शेतकरी गोफण उचलतो. त्याचे नुकसान खोटे नाही. पण आफ्रिकेतला करडा पोपटही एके काळी विपुल होता. पिंजऱ्यासाठी झालेली पकड आणि घरट्यांच्या उंच झाडांची तोड, या दोहोंमुळे घाना देशातले ९० टक्क्यांहून अधिक करडे पोपट १९९२ नंतरच्या काळात नाहीसे झाले, आणि अखेर २०१६ मध्ये रानातून धरलेल्या करड्या पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. आपल्याकडेही खांद्यावर लाल पट्टा असलेला थोराड पोपट, ज्याला बाजारात ‘पहाडी’ म्हणतात, आज संकटसमीप प्रजातींत गणला जातो. त्याला ढोलीही मोठी लागते आणि गिऱ्हाइकाकडून भावही जास्त मिळतो.

कायदा तुझ्या बाजूने आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर आपला नेहमीचा पोपटही दुसऱ्या अनुसूचीत आला आहे. म्हणून टोपली दिसली, की विकणाऱ्याशी हुज्जत न घालता जागा आणि वेळ टिपून घे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळव. पकडणारा बहुधा पोटासाठी हिंडणारा गरीब माणूस असतो. मला अधिक राग येतो तो ऐपत असूनही हौसेपोटी पिल्लू मागवणाऱ्याचा.

नात्यातल्या कुणाच्या घरी मिठू असेल, तर दया येऊन पिंजऱ्याचे दार उघडू नकोस. हाताने वाढवलेल्या पक्ष्याला ना दाणा शोधता येतो, ना शिकरा ओळखता येतो. त्या माणसांना समजावून पक्षी वन विभागाकडे सोपवायला लाव. तिथे त्याची तपासणी होऊ शकते.

येत्या डिसेंबरपासून मात्र एक काम अंगावर घे. शिवारातली ढोलीची झाडे वहीत नोंदव आणि ज्यांच्या बांधावर ती आहेत त्यांना भेटून झाड राखण्याची विनंती कर. वाळलेली फांदीही शक्य असेल तिथे राहू द्यावी, हे त्यांना आवर्जून सांग. घरट्याचे फोटो ठिकाणासह मोबाइलवर कुठेही टाकू नकोस, कारण पकडणाऱ्यांच्या हातीही मोबाइल असतो. वहीची एक प्रत मला पाठव. हंगाम सुरू होण्याआधी आपण दोघे ती झाडे पाहून येऊ.

तुझे,
सर