तणनाशक न मारता पावसाळ्यात अंगणातलं गवत कसं आवरावं? आणि झाडांचा पाला जाळावा का?

तुमची दीड गुंठा मोकळी जागा, त्यात पावसाळ्यात गुडघाभर गवत, वर 'तणनाशक मारा' म्हणणारे शेजारी. आमच्याकडे तळेगावला सहा-सात वर्षांपूर्वी नेमकं हेच चित्र होतं. परसात एक आंबा, एक जांभूळ आणि कुंपणापलीकडून निम्मा आमच्याकडे झुकलेला बदाम. पाल्याच्या बाबतीत आम्ही गर्भश्रीमंत.

आधी पाल्याचं. जाळू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड सांगितला आहे. दंडाचं सोडा, गवतावरचं औषधच तुम्ही काडी लावून संपवताय. मोकळ्या मातीवर ऊन पडलं की तणाचं बी उगवतं. त्याच मातीवर वीतभर पाला पसरला तर बहुतेक बी खालीच गुदमरतं.

मी कोंबडीजाळीचा तीन फूट रुंदीचा गोल पिंजरा केलाय. फाल्गुनापासून पडेल तो पाला त्यात तुडवून भरायचा, अधूनमधून पाणी आणि शेणकाला शिंपडायचा. ओल इतकीच हवी की मूठ दाबली तर दोन-चार थेंब निघावेत. बदामाचं पान लवकर कुजतं, आंब्याचं चिवट, वर्षभर दाद देत नाही. दिवाळीत ढिगाचा तळ उकरून बघा: पांढरे बुरशीचे धागे, गांडुळं, वेटोळं करून पडलेले वाणी, आणि पहिल्या पावसासारखा वास येणारी काळी भुगा माती. कुंड्यांना मग बाहेरचं खत लागत नाही.

आता माझी चूक ऐका. पहिल्या वर्षी उत्साहात जूनमध्ये कढीपत्त्याच्या बुंध्याशी पाल्याचा ढीग रचला. श्रावण येईतो बुंध्याची साल कुजली, झाड गेलं. शिवाय त्या गादीखाली गोगलगायींनी संसार थाटला. तेव्हापासून नियम केला: उन्हाळ्यात आच्छादन जाड, मृग लागला की पातळ करायचं आणि बुंध्यापासून वीतभर मागे ओढायचं, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा जाड. गोगलगायींसाठी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टाकून ठेवतो, सकाळी उलटायचं आणि वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत. मीठ मातीवर भुरभुरू नका, झाडं बसतील.

हरळी आणि लव्हाळा मात्र पाल्याला भीक घालत नाहीत. त्यांच्यासाठी वैशाखातच जमीन खणून मुळ्या-गाठी वेचून उन्हात वाळवायच्या. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन वर्षं चालतं, दुसरा सोपा मार्ग मला सापडलेला नाही. बाकीचं गवत फुलोऱ्यावर यायच्या आत विळ्याने कापा आणि तिथेच पसरा.

गाजरगवत हातमोजे घालून, फुलं यायच्या आत मुळासकट उपटायचं. कातडीला खाज सुटते, लहान मुलांना ते काम देऊ नका. त्याच्या पानांवर पांढुरकी पाठ आणि तपकिरी रेघा असलेले छोटे भुंगे दिसले तर तेवढी झुडपं राहू द्या. ते मेक्सिकन भुंगे, गाजरगवत खाण्यासाठीच ते मुद्दाम आपल्या देशात आणलेत. तुमचं काम ते फुकटात करतात.

आणि सगळं सरसकट भादरू नका. पहिल्या पावसानंतर कुंपणाच्या कडेला टाकळा येतो, ही रानभाजी, एका देठावर पानांच्या तीन जोड्या, रात्री मिटणारी. ओळख पक्की नसेल तर कुणा जाणत्याला दाखवा. कोवळा असतानाच खुडायचा, निबर झाला की कडवट लागतो. लसूण, हिरवी मिरची, कांदा, आणि ओलं खोबरं हात सैल सोडून.