२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे, हे संगणक नसताना कसं सिद्ध झालं?

गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने हे सिद्ध केलं. १७७२ साली ते छापूनही आलं. ही संख्या म्हणजे २ चा ३१वा घात वजा १, आणि सगळी गंमत या रूपात आहे.

साध्या पद्धतीने तपासायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. अशा संख्या ४,७९२ आहेत. हाताने करायचं तर जीवच जाईल! पण हिला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेलच, तर त्या विभाजकातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ३१ ने भाग जायलाच हवा. शिवाय त्या विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यायला हवी. आता उरतात पावणेचारशेच्या आसपास संख्या, आणि त्यातल्याही फक्त मूळ संख्याच तपासायच्या. एकीनेही भाग जात नाही. मला हा युक्तिवाद आजही फार सुंदर वाटतो.

हिला २ च्या ३०व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते: स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज नेमकी तेवढीच.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ही संख्या ओळखीची वाटेल. ३२ बिटांच्या चिन्हांकित (धन आणि ऋण दोन्ही असू शकणाऱ्या) पूर्णांकाची ही कमाल मर्यादा. तिथे तिचं मूळ संख्या असणं मात्र निव्वळ योगायोग आहे.