भाव पडल्यावर काय पाहायचं

प्रिय मित्रा,

शेअर कोसळल्यापासून ऑफिसात सगळे दिवसभर भावच बघत बसलेत, असं तू लिहिलंस. थांबू की नोकरी सोडू, हा तुझा प्रश्न. त्याचं उत्तर भावाच्या आलेखात शोधू नकोस. भाव सावरणं वेगळं आणि कंपनी सावरणं वेगळं.

१० मार्च २००० ला नॅस्डॅक, म्हणजे अमेरिकेतला तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला शेअर निर्देशांक, ५०४८ वर बंद झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १११४ वर आला आणि जुनी पातळी गाठायला २०१५ उजाडलं. या मधल्या काळात काही कंपन्या मेल्या, काही मोठ्या झाल्या. इंटरनेटच्या जाळ्याची यंत्रं बनवणारी सिस्को तर बुडालीही नाही, २००१ चा तोटा सोसून पुढे नफा कमावत वाढली. तरी तेव्हाचा शिखरभाव तिला पंचवीस वर्षं परत दिसला नाही.

अ‍ॅमेझॉनकडे नीट बघ. २००० साली शेअर आपटत असताना तिची विक्री १६४ कोटी डॉलरवरून २७६ कोटींवर गेली, ग्राहक १.४ कोटींवरून २ कोटी झाले. पण नुसत्या वाढीनं ती तगली नसती, कारण त्याच वर्षी तोटा होता १४० कोटींच्या आसपास. बाजार कोसळण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, फेब्रुवारीत, तिनं युरोपात कर्जरोखे विकून ६९ कोटी युरो उभे केले होते. हा पैसा हाताशी नसता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता, असं माझं ठाम मत आहे. मग खर्चाला कात्री लागली. जानेवारी २००१ मध्ये १,३०० माणसांची नोकरी गेली. सावरण्याच्या गोष्टी सांगताना या माणसांना वगळणं मला पटत नाही. त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत पहिला नफा झाला, ५० लाख डॉलर. एवढ्या मोठ्या विक्रीपुढे तो किरकोळच, पण धंदा स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो हे त्यातून दिसलं.

प्राइसलाइनची वाट निराळी. विमानाच्या तिकिटांवर नाव कमावलेली ही कंपनी पुढे हॉटेलांच्या आरक्षणाकडे वळली आणि २००५ मध्ये तिनं नेदरलँड्समधली बुकिंग डॉट कॉम विकत घेतली. आज सगळा समूह त्याच नावानं ओळखला जातो. म्हणून तुमच्याकडचं एखादं लहानसं, दुर्लक्षित काम नफ्यात चाललंय का, तेही बघ.

आता तुझ्या कंपनीचं. आजच्या खर्चानं बँकेतली रोकड किती महिने पुरेल? जुने ग्राहक सवलत नसतानाही परत येतात का? प्रत्येक नव्या ऑर्डरमागे तोटा वाढतो की कमी होतो? पहिल्या प्रश्नाला वरिष्ठ टाळाटाळ करू लागले, तर दुसरीकडे अर्ज करायला लाग. कंपनीवरचं प्रेम म्हणून पगार आणि बचत दोन्ही तिच्याच शेअरमध्ये अडकवू नकोस.

या तिन्हींची उत्तरं मिळाली की मला लिही. मग थांबायचं की नाही, ते आपण मिळून ठरवू.

तुझा,
काका