नागपुरात मुलांना घेऊन उतरणार असाल, तर हॉटेलचा पोहण्याचा तलाव सायंकाळी सातला पाहा

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटी तीन दिवस सहकुटुंब नागपूरला येत आहोत. मुले ५ आणि ९ वर्षांची आहेत. चांगला स्विमिंग पूल असलेले हॉटेल सुचवा. वर्धा रोडवर उतरणे सोयीचे की सिव्हिल लाइन्समध्ये?

उत्तर :

मी नागपूरचीच असल्यामुळे येथील हॉटेलांत राहण्याचा प्रसंग मला फारसा येत नाही. परंतु गेली दहा-बारा वर्षे आमच्याकडे लग्नमुंजीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हॉटेल ठरवण्याचे काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही, आणि बरोबर लहान मुले येणार असतील तर मी स्वतः तलावाच्या काठावर उभी राहून आल्याखेरीज कोणाला पैसेही भरू देत नाही. हॉटेलचे नाव मात्र मी सांगणार नाही. पाटीवरचे नाव वर्षानुवर्षे तेच राहते आणि तलावावरचा माणूस दर सहा महिन्यांनी बदलतो, त्यामुळे मी आज दिलेली शिफारस तुम्ही येईपर्यंत खोटी ठरू शकते.

मेच्या शेवटी येता आहात म्हणजे तुम्ही नेमके नवतपात, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, येता आहात. त्या दिवसांत येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नित्याची गोष्ट आहे; मे २०१३ मध्ये तर तो ४८ च्या जवळ पोहोचला होता. अशा उन्हात सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत उघड्यावरच्या तलावाचा मुलांना काहीही उपयोग नसतो. काठावरच्या फरशीवर पाय ठेववत नाही, आणि गच्चीवरचा उथळ तलाव असेल तर दुपारपर्यंत त्याचे पाणी आंघोळीच्या पाण्याइतके कोमट होऊन जाते. म्हणजे पोहण्याच्या वेळा दोनच उरतात : सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी सहानंतर. संकेतस्थळावरची छायाचित्रे सकाळच्या कोवळ्या प्रकाशात काढलेली असतात. बाहेरून आलेली मुले मात्र दिवसभर हिंडून सायंकाळीच पाण्यात उतरतात, आणि नेमक्या त्याच वेळी तलाव सर्वांत बेवारस असतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

त्याच २०१३ च्या मे महिन्यात आमच्या सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. महाल या जुन्या वस्तीतले आमचे घर लहान, कूलर दोनच, आणि मुंबईहून भासरे, म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले बंधू, सहकुटुंब यायचे होते. म्हणून दोन दिवस सर्वांनीच हॉटेलात राहावे असे ठरले. मी एक जुने हॉटेल पाहून आले होते. तलाव जमिनीवर, साधा चौकोनी, शेजारी कडुनिंबाची सावली, मुलांसाठी मधे पक्की भिंत घालून वेगळे केलेले दोन फुटांचे टाके, आणि दिवे लागेपर्यंत काठावर बसणारा एक वयस्कर जीवरक्षक. भासऱ्यांना ते हॉटेल फोनवरच नापसंत झाले. त्यांनी मुंबईत बसून दुसरे निवडले : गच्चीवर तलाव, निळे दिवे, काठावर आरामखुर्च्या. मी आक्षेप घेतला तेव्हा, पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या सोहळ्यात काटकसर कशाला, असे मला ऐकवण्यात आले. माझा आक्षेप पैशांविषयी नव्हताच, पण घरातल्या धाकट्या सुनेचे बोलणे पैशांपाशी नेऊन ठेवले की पुढे बोलायला जागा उरत नाही.

पहिल्याच दिवशी दुपारी मुले पाय भाजून खोलीत परतली. सायंकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा वर गेलो. गच्चीच्या एका बाजूला कोणाच्या तरी वाढदिवसाची तयारी चालली होती आणि ध्वनिक्षेपक लागला होता. शिटी अडकवलेला जो तरुण दुपारी दिसला होता, तो नव्हता. त्याची पाळी सहाला संपत असे, हे आम्हाला नंतर कळले. मुलांचा भाग आणि मोठ्यांचा भाग यांच्यामध्ये केवळ प्लास्टिकच्या गोळ्यांची एक दोरी होती, तळ तीन फुटांवरून साडेपाच फुटांपर्यंत घसरत गेलेला होता, आणि सगळीकडे एकाच रंगाच्या फरश्या असल्यामुळे तो उतार कोठे सुरू होतो ते वरून समजत नव्हते.

माझा मुलगा तेव्हा ६ वर्षांचा होता. मी काठावर, त्याच्यापासून फार तर दहा हातांवर होते आणि पुतणीला टॉवेल देत होते. मावळतीचे ऊन पाण्यावर तिरके पडले होते, त्यामुळे पाण्याच्या आत काहीच दिसत नव्हते. ओरडणे नाही, हात मारणे नाही, पाणी उडणे नाही. ११ वर्षांच्या पुतणीने मला विचारले, "काकू, तो असा वर तोंड करून का उभा आहे?" मी वळून पाहिले तेव्हा तो उभा नव्हता. त्याचे पाय तळाला लागत नव्हते, तोंड पाण्याच्या रेषेवर उघडे होते आणि डोळे आकाशाकडे लागल्यासारखे स्थिर होते. मला तेव्हा पोहता येत नव्हते. ताटल्या मांडत असलेल्या एका वाढप्या मुलाने बुटांसकट उडी मारली आणि त्याला वर काढले. धंतोलीतल्या एका रुग्णालयात त्याला रात्रभर देखरेखीखाली ठेवले, कारण छातीत थोडेही पाणी गेले असेल तर श्वासाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. दुसऱ्या दिवशी तो घरी आला. सोहळा झाला, जेवणेही झाली.

त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर भासरे म्हणाले, "आईचे लक्ष असते तर हे झाले नसते." त्यांचे हे वाक्य आमच्या घरात आजही राहते आहे. त्यांनी ते मागे घेतलेले नाही आणि मी ते मान्य केलेले नाही. माझे लक्ष अर्ध्या मिनिटासाठी दुसरीकडे होते, हे मी नाकारत नाही. परंतु बुडणाऱ्या लहान मुलाला ओरडता येत नाही, कारण श्वासच घेता येत नसेल तर आवाज निघणार कोठून. हात वर करून मदत मागणेही त्याला शक्य नसते, कारण ते हात पाणी खाली दाबण्यात अडकलेले असतात. आणि हे सगळे बहुधा एका मिनिटाच्या आत संपते. दोन मुलांची आई दिवसभरात अर्धे मिनिट तरी दुसऱ्या मुलाकडे पाहणारच. त्या अर्ध्या मिनिटासाठीच मधली भिंत असते, त्यासाठीच जीवरक्षक असतो, आणि त्यासाठीच पाणी किती खोल आहे त्याचे आकडे काठावर रंगवलेले असतात. हे तिन्ही नसलेले ठिकाण निवडायचे आणि नंतर आईकडे बोट दाखवायचे, हा न्याय मला पटलेला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी ३८ व्या वर्षी पोहायला शिकले, हेही येथे अभिमानाने नोंदवते.

म्हणून फोन कराल तेव्हा 'पूल आहे का' असे विचारू नका. जीवरक्षक किती वाजता घरी जातो, ते विचारा. उत्तर देणारा अडखळला किंवा 'आमचा स्टाफ असतोच' असे म्हणाला, तर ते हॉटेल सोडून द्या. वाढपी म्हणजे जीवरक्षक नव्हे. आमच्या वेळी तो धावून आला हे आमचे भाग्य. दुसरे असे विचारा की त्या तारखांना तलावाच्या काठावर काही समारंभ आहे का, कारण लग्नसराईत काठ भाड्याने दिला जातो आणि पाहुण्यांना तसे आधी कळवले जातेच असे नाही. मुलांचे टाके दोरीने नव्हे, भिंतीने वेगळे असावे. पोहोचल्यावर सायंकाळी सातला एकदा मुलांना खोलीत ठेवून स्वतः तलावावर जा आणि सर्वांत खोल भागातली, पाणी ओढून घेणारी तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसते का ते पाहा. ती दिसत नसेल, तर तेथे बुडालेले मूलही दिसणार नाही. जाळी तुटलेली किंवा सैल असेल तर मुलांना पाण्यात उतरूच देऊ नका. तिच्यामागच्या ओढीत केस किंवा हात अडकू शकतो.

पाण्याच्या स्वच्छतेविषयी लोकांची समजूत उलटी आहे. नाकाला झोंबणारा वास आला म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, पाणी शुद्ध आहे, असे मानले जाते. प्रत्यक्षात तो वास क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनांचा असतो; म्हणजे क्लोरीन खर्ची पडले आहे आणि कमी पडते आहे. त्यातच उघड्या तलावातले मोकळे क्लोरीन कडक उन्हात वेगाने नष्ट होते. त्याला टिकवणारे रसायन घातलेले नसेल तर काही तासांत बहुतेक संपते. नागपूरच्या मेमध्ये सकाळी एकदा पूड टाकून मोकळे झालेल्या हॉटेलचे पाणी सायंकाळी भरवशाचे राहत नाही. लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन आणि ७.२ ते ७.८ सामू, म्हणजे पीएच, अशी नोंद लिहिलेली वही किंवा फलक चांगल्या ठिकाणी असतो. सामू ८ पर्यंत चढला की तेवढ्याच क्लोरीनची जंतू मारण्याची शक्ती निम्म्याहून कमी होते. वही मागताना संकोच करू नका, मी दर वेळी मागते.

तुमचा मूळ प्रश्न वर्धा रोड की सिव्हिल लाइन्स, असा होता. वर्धा रोडवर नवी, मोठी हॉटेले आहेत, विमानतळ जवळ आहे आणि मेट्रोने सीताबर्डीच्या बाजारपेठेत येणे सोपे आहे. सिव्हिल लाइन्समध्ये झाडी आणि शांतता अधिक आहे, आणि गोरेवाड्याचे प्राणिसंग्रहालय तिकडून जवळ पडते. मला स्वतःला सिव्हिल लाइन्स आवडते. पण तलाव नीट असेल तर भाग कोणताही चालेल, रिक्षा आणि टॅक्सी सगळीकडे मिळतात.

एक गोष्ट राहिली आणि ती आधीच सांगायला हवी होती. जीवरक्षक असला तरी ५ वर्षांच्या मुलाबरोबर घरातले एक मोठे माणूस पाण्यात, हात पोहोचेल इतक्या अंतरावर असलेच पाहिजे. भासऱ्यांच्या बोलण्यात एवढे सत्य आहे, आणि माझा राग बाजूला ठेवून मी ते लिहिते आहे. पाळी आधी ठरवून घ्या : पहिली वीस मिनिटे वडील, नंतरची वीस आई, आणि ज्याची पाळी त्याचा फोन खोलीत. दंडाला बांधायच्या हवेच्या पिशव्यांवर विसंबू नका, त्या निसटतात. मुलांपैकी कोणाला जुलाब झाले असतील तर त्याला पाण्यात नेऊ नका, कारण काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस तग धरतात. आणि पोहण्याचे नायलॉनचे कपडे व टोप्या घरूनच आणा. सुती कपड्यांत बहुतेक ठिकाणी उतरू देत नाहीत, आणि नवतपात भर दुपारी सीताबर्डीवर खरेदीला निघण्याची पाळी मुलांवर येऊ नये.