बाण, तलवार आणि मधले पंचवीस यार्ड

या वेळच्या पत्रांत एकच गाऱ्हाणं निरनिराळ्या तोंडांनी आलंय. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये लांबून मारणाऱ्यांची चैन आणि जवळ जाऊन लढणाऱ्यांचे हाल. क्लास म्हणजे गेममधल्या पात्राचा प्रकार, आणि जवळून लढणाऱ्या क्लासला मी हातघाईचा क्लास म्हणतो. आपल्याकडे हा शब्द असताना दुसरा शोधायची गरज नाही.

प्रश्न: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये मी वॉरियर खेळतो. फ्रॉस्ट मेज, म्हणजे बर्फाची जादू करणारा, समोर आला की मी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धा संपलेला असतो. हा क्लास हरण्यासाठीच बनवलाय का?

नाही. पण तुमचा राग कुठून येतो ते आकड्यांत बघू. क्लासिकमध्ये फ्रॉस्टबोल्टचा, म्हणजे मेजच्या बर्फाच्या माऱ्याचा, मूळ पल्ला ३० यार्ड, तुमच्या तलवारीचा ५. मध्ये उरले २५ यार्ड. पायी धावण्याचा वेग सेकंदाला ७ यार्ड, म्हणजे मेज जागचा हलला नाही तर साडेतीन सेकंदांत तुम्ही त्याच्या अंगावर. वरच्या रँकचा फ्रॉस्टबोल्ट म्हणायला मुळात ३ सेकंद लागतात. तेवढ्यात एकच बसेल, आणि एका फ्रॉस्टबोल्टने वॉरियर मरत नाही.

खरी गंमत पुढे आहे. फ्रॉस्टबोल्ट लागला की तुमचा वेग ४० टक्क्यांनी उतरतो. तेच २५ यार्ड आता सहा सेकंदांचे झाले. तरीही पोचलात, तर फ्रॉस्ट नोव्हा तुमचे पाय जमिनीला खिळवतो आणि ब्लिंक त्याला २० यार्ड पुढे नेऊन ठेवतो. मेज तुमचं आयुष्य खातो त्याहून जास्त तुमचे सेकंद खातो. पल्ला म्हणजे अंतर असं आपण समजतो, पण लढाईत त्याचा हिशेब वेळेतच होतो. हे एकदा पटलं की या विषयातले निम्मे वाद मिटतात.

म्हणून तुम्हीही सेकंदच परत मिळवायचे. चार्ज ही तुमची झडप ८ ते २५ यार्डांवरून लागते, पण क्लासिकमध्ये लढाई सुरू होण्याआधीच. ती पहिल्यांदा वापरा आणि लगेच हॅमस्ट्रिंग मारून त्याचाही वेग उतरवा. लढाई चालू असताना झेप घ्यायला बर्सर्कर स्टान्स या पवित्र्यातला इंटरसेप्ट आहे. चूक इथेच होते. बहुतेक जण तो हाताशी आला की उडवतात. मेज ब्लिंक मारून त्या झेपेने आलेल्या स्टनमधून (क्षणभराच्या सुन्नपणातून) सुटतो आणि तुमची झेप फुकट जाते. ब्लिंक १५ सेकंदांनी परत येतो. आधी त्याला ब्लिंक मारू द्या, मग झेपा.

प्रश्न: त्याच गेममध्ये माझा हंटर आहे. शत्रू अगदी जवळ आला की बाण सुटत नाही आणि कुऱ्हाडही पोचत नाही. हा बग आहे का?

बग नाही, मुद्दाम ठेवलेली फट आहे. धनुष्य ८ यार्डांच्या आत चालत नाही आणि हातातलं हत्यार ५ यार्डांच्या पुढे पोचत नाही. मधल्या तीन यार्डांना खेळाडू डेड झोन म्हणतात. हुशार प्रतिस्पर्धी तिथेच घुटमळतो. तो ५ यार्डांच्या आत आला की विंग क्लिप मारून त्याचा वेग उतरवा आणि बाहेर पडा, थांबू नका.

पुढच्या आवृत्त्यांत आधी ८ चे ५ करून ही फट मिटवली आणि २०१२ च्या मिस्ट्स ऑफ पॅन्डेरियापासून हंटरचं किमान अंतरच काढून टाकलं. मला ते आवडलं नाही. धनुर्धाऱ्याला जवळ गाठणं ही हातघाईवाल्याची हक्काची कमाई होती, आणि छाताडावर उभ्या शत्रूलाही बाण मारता यायला लागल्यावर ती कमाईच गेली. डेड झोन त्रासदायक होता हे खरं, पण ८ चे ५ केल्यावर तिथेच थांबायला हवं होतं. २०१६ च्या लीजनमध्ये तर सर्व्हायव्हल प्रकारच्या हंटरच्या हातात भाला देऊन त्याला हातघाईत उतरवलं, ती वेगळीच गोष्ट.

प्रश्न: फायनल फँटसी फोर्टीनमध्ये मी बार्ड, म्हणजे धनुर्धारी, आहे. गटातले म्हणतात, तुझा डॅमेज (शत्रूला केलेलं नुकसान) ब्लॅक मेज या जादूगारापेक्षा फार कमी. मी काही चुकतेय का?

तुमचा खेळ पाहिल्याशिवाय शंभर टक्के सांगणार नाही, पण तुलनाच चुकीची आहे. ब्लॅक मेजला मंत्र म्हणताना उभं राहावं लागतं, हलला की मंत्र तुटतो. ड्रॅगून, समुराई या हातघाईवाल्यांना काही वार बॉसच्या, म्हणजे गटाने मिळून मारायच्या बड्या शत्रूच्या, पाठीमागून किंवा बगलेतून मारले तरच पुरतं फळ. बार्ड धावता धावता बाण सोडते, तिला यातलं काहीच बंधन नाही. या मोकळेपणाची किंमत डॅमेजमधून कापलेली आहे.

हे उलटं करून पाहिलं होतं. २०१५ च्या हेवन्सवर्ड आवृत्तीत वॉन्डरर्स मिन्युएट ही क्षमता लावली की बार्डचा डॅमेज वाढायचा, पण बाणालाही मंत्रासारखा थांबायचा वेळ लागायचा. खेळाडूंना वाटलं, आपल्या हातात धनुष्याऐवजी मेजची काठी दिली. २०१७ च्या स्टॉर्मब्लडमध्ये ती थांबण्याची सक्ती गेली. शिवाय गटात धनुर्धारी, बंदूकधारी किंवा नर्तक यांच्यापैकी कुणी असलं की सगळ्यांना १ टक्का बोनस मिळतो, तो तुमच्या आकड्यात दिसत नाही. गटातल्यांना हे दाखवा.

प्रश्न: आमचा रेड लीडर, म्हणजे बॉसवर जाणाऱ्या मोठ्या गटाचा म्होरक्या, हातघाईवाले कमी घेतो. हा अन्याय नाही का?

बऱ्याचदा लीडरचा नाही, बॉस बनवणाऱ्याचा. बॉसच्या पायाखाली दर दहा सेकंदांनी आग पेटत असेल तर तिथे उभे असणारेच भाजणार. गिल्ड वॉर्स टूमध्ये उलट चित्र दिसतं. तिथे ताकद वाढवणारे बून जवळच्याच मोजक्या साथीदारांपर्यंत पोचतात, म्हणून धनुर्धारीसुद्धा बॉसला खेटून उभे राहतात.

प्रश्न: मुंबईहून युरोपच्या सर्व्हरवर खेळतो, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास. तलवार सोडून धनुष्य घेऊ का?

मुंबई ते फ्रँकफर्ट हवाई अंतर साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल सरळ रेषेत टाकली तरी जाऊन येऊन ६५ मिलिसेकंद सुटत नाहीत, आणि केबल सरळ नसते. २०० मिलिसेकंदांत ७ यार्डांच्या वेगाने पळणारा शत्रू जवळपास दीड यार्ड सरकतो. ३० यार्डांच्या पल्ल्यात दीड यार्ड कुणी विचारत नाही. ५ यार्डांच्या तलवारीत तो पाव हिश्श्याहून जास्त झाला. म्हणून पाठलाग करताना शत्रूच्या पाठीवर धावू नका, तो जिथे असेल त्याच्या पुढचा बिंदू धरा. वायफाय सोडून केबल लावा, पिंगचे झटके कमी होतात. एवढं करून तलवार आवडत असेल तर तलवारच ठेवा.

प्रश्न: आम्ही मित्र मिळून छोटा ऑनलाइन गेम बनवतोय. धनुर्धाऱ्याचा डॅमेज किती टक्के कमी ठेवावा?

टक्केवारी शेवटी ठरवा. डायब्लो थ्रीने डॅमेजला हात न लावता बार्बेरियन आणि मंक यांना लागणारा मार ३० टक्क्यांनी कमी केला, कारण शत्रूंच्या गर्दीत उभं राहणं हेच त्यांचं काम. रूनस्केपने तर तिसरा भिडू आणला. हातघाई बाणाला भारी, बाण जादूला, जादू हातघाईला. तुमच्या गेमला यातलं काय मानवेल ते मैदान ठरवेल.

आधी एवढंच करा. एक तलवारवाला, एक धनुर्धारी आणि एकच बॉस घ्या. तीन मिनिटांच्या लढतीत दोघांचे वार प्रत्यक्षात किती सेकंद बॉसवर पडत होते ते मोजा. एकदा मोकळ्या मैदानात, एकदा खांब आणि भिंती असलेल्या खोलीत. दोन्ही खोल्यांचे आकडे मला पाठवा, मग टक्केवारीचं बोलू.