इंग्लंडला निघालेल्या बहिणीस

सलाम. तू विचारलंस, "ताई, मी नर्स म्हणून इंग्लंडला चालले आहे. एकटेपणात, वाईट दिवसांत तुमचा विश्वास कसा टिकला? आनंद म्हणतात तो तिथेही मिळतो का?" कागदपत्रांचं तुला एजंट सांगेल. मी एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

मिळतो, पण भायखळ्याला मिळतो तसा आपसूक नाही. मुंबईत रविवारी घरी बसायची सोयच नसते. आई हाका मारते, गायनसंघात आपली जागा ठरलेली असते आणि उपासना चुकली की संध्याकाळी महिला मंडळातलं कोणीतरी चौकशीला दारात हजर. इकडे रविवारीही ड्युटी लागते, बारा-बारा तासांची, आणि डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो. तू चर्चला गेली नाहीस हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

माझे आप्पा गेले तेव्हा रजा मिळून विमान गाठेपर्यंत शिवडीला माती देऊन झाली होती. मी फोनवर पाहिलं. त्या आठवड्यात एका भल्या बाईने मला सांगितलं, "प्रभूमध्ये आनंद कर." मला फार राग आला. त्या रागातच मी बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं, कारण ते वाक्य तिथलं. चार अध्याय, लिहिणारा प्रेषित पौल कैदेत. त्याच पत्रात तो एपफ्रदीताबद्दल लिहितो: मरणाच्या दारी पोहोचला होता, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. आनंद करा म्हणणारा माणूस दुःख लपवत नाही, हे मला त्या दिवशी दिसलं. आणि हा एपफ्रदीत कोण? फिलिप्पैच्या मंडळीने पौलासाठी मदत देऊन पाठवलेला माणूस. म्हणजे कैदेतल्या त्या आनंदामागेही कोणीतरी लांबचा प्रवास करून आलेलं होतं. याच फिलिप्पै शहरात पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात असताना मध्यरात्री गात होते. तिथेही दोघं होते, एकटा कोणीच नव्हता.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळचं चर्च शोध. माणसं थोडी असतील, बहुतेक म्हातारी, गाणी अनोळखी. तरी जा. उपासनेनंतर चहा असतो, त्याला थांब. ओळखी तिथेच होतात. पुष्कळ चर्चच्या हॉलमध्ये फूड बँक, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देण्याची सोय, चालते, तिथे हात लाव. बाबेलच्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने पत्रात हेच कळवलं होतं (अध्याय 29): घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आपल्या मंडळीची ऑनलाइन उपासनाही जरूर बघ. संध्याकाळी सहाची इथे हिवाळ्यात दुपारी साडेबाराला दिसते. पण तेवढ्यावर भागवू नकोस. मोबाईलमधली मंडळी तुझा ताप बघायला येऊ शकत नाही.

मराठी मात्र सोडू नकोस. रेव्हरंड टिळकांची भजनं आप्पा पहाटे गायचे. मी ती रात्रपाळीहून परतताना बसमध्ये हळू आवाजात म्हणते. रडू येईल तेव्हा स्तोत्र 13 काढ. "किती काळ?" या प्रश्नाने सुरू होतं आणि सहा ओव्यांत गाण्यापर्यंत पोहोचतं. ज्या दिवशी तिथवर पोहोचवणार नाही, त्या दिवशी स्तोत्र 88 आहे. ते अंधारातच संपतं, तरी तीही प्रार्थनाच आहे.

झोप उडाली, जेवण जाईना, आठवडेच्या आठवडे मन उठेना, तर जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जा. तू नर्स आहेस, तुला हे कळतं. "तुझा विश्वास कमी पडतोय" असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नकोस. औषध घेऊन प्रार्थना करणाऱ्या कितीतरी विश्वासू बहिणी मी ओळखते.

बॅगेत बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकसाहेबांचं पत्र आणि गीतांचं पुस्तक ठेव. नाताळची रजा हवी असेल तर वॉर्डच्या मॅनेजरशी खूप आधी बोल, डिसेंबरपर्यंत थांबू नकोस. रजा नाहीच मिळाली तर करंज्या करून वॉर्डवर ने. आणि माझा नंबर तुझ्या आईकडे आहे, पोहोचलीस की फोन कर.