टाळू बसला की बसली?

सुदामानगरातून विचारणा आली आहे. सात महिन्यांच्या नातवाला दस्त लागले तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘टाळू बसला’. डॉक्टरसाहेबही ‘तालू धँस गया’ म्हणाले. तेव्हा टाळू पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? आणि टाळू तर तोंडात असते, मग सगळे बाळाच्या डोक्याकडे काय बघत होते?

बसली. संस्कृत तालु नपुंसकलिंगी, हिंदी तालू पुल्लिंगी, मराठीत मात्र ती टाळू. हिंदीच्या शेजाराने आपल्या इंदुरात बऱ्याच नामांची लिंगे बदलून टाकली आहेत, ही एक तरी राहू द्या.

तोंडातली टाळू जिभेला ठाऊक असते, तिच्यावर शाई घालवत नाही. डोक्यावरची टाळू म्हणजे कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात ती मऊ जागा. पुढची शंकरपाळ्याच्या आकाराची, बहुधा 12 ते 18 महिन्यांत भरते. मागची लहान, तिकोनी, दोन-तीन महिन्यांतच बुजते. मढ्याच्या टाळूवरचे लोणी हे या डोक्यावरच्याच टाळूचे. तोंडातल्या टाळूवर लोणी लागले तर ते खाऊन झालेलेच असते.

आता एकच शब्द दोन जागांना का? काही हौशी मंडळी सांगतात की बाळाची टाळू ठेका धरल्यासारखी उडते, म्हणून ‘ताल’वरून टाळू. ऐकायला गोड, पण चूक. ‘ताल’चा टाळ झाला आणि ‘तालु’ची टाळू झाली. त चा ट आणि ल चा ळ दोन्हीकडे होतो, तेवढ्याने नाते जुळत नाही. शिवाय ठेक्यावरून नाव पडले असते तर तोंडातल्या टाळूला ते कुठून मिळाले, याचे उत्तर ही मंडळी देत नाहीत. खरा धागा तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आहे: ‘अन्तरेण तालुके य एष स्तन इवावलम्बते’. दोन तालूंच्या मधोमध स्तनासारखी लोंबते ती पडजीभ. तिथून वाट निघते ती कवटीची शकले दुभंगून केसांच्या मुळापाशी पोचते. म्हणजे तोंडाचे छत आणि डोक्याचे छत एकाच वाटेची दोन टोके. माझ्या मते नाव याच वाटेने वर चढले.

आणि आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट तर थेट आपल्या प्रश्नाशी येतो. अष्टांगहृदयात बालरोगांत त्याने ‘तालुकंटक’ सांगितला आहे. तालूचे मांस बिघडते आणि तेणेकरून ‘निम्नता मूर्ध्नि’, डोक्यावर खोलगटपणा येतो. पुढची लक्षणे पाहा: तालुपात, स्तनद्वेष, पिताना त्रास, पातळ शौच, तहान, उलटी, मान न धरणे. ‘टाळू पडणे’ हा वाक्प्रचार दुसरीकडे शोधायलाच नको, तो तालुपातच. निरीक्षण इतके चोख की आज जलशुष्कतेचे, म्हणजे अंगातले पाणी कमी होण्याचे, वर्णन करायला त्यात फार भर घालावी लागत नाही. तीन-चार महिन्यांत मान धरू लागलेले, सहा-आठ महिन्यांत बसू लागलेले मूल एकाएकी मान टाकते, हे आजही गंभीरच लक्षण आहे.

कारण मात्र उलटे लागले होते. तालू खाली आल्याने टाळू खोल जात नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी जाते, म्हणून ती खोल जाते. या उलट कारणातूनच तोंडात बोट घालून ‘टाळू उचलणे’ हा उपाय निघाला आणि त्यावर मध चोळणेही. दोन्ही नकोत. बोटाने उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते, तोंड सोलवटते. आणि वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच द्यायचा नाही, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा आजार, होण्याचा धोका असतो.

टाळू पाहायची ती बाळ शांत असताना, उभे धरून. रडताना किंवा आडवे असताना ती वर येते आणि फसवते. किंचित खोलगट असणे नेहमीचेच, त्या एका खुणेवर भिस्त ठेवू नका. डोळे खोल गेलेत का, रडताना अश्रू येतात का, लघवी कमी झाली का, हेही पाहा. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. ती पूर्ववत व्हायला दोन सेकंदांहून जास्त लागले, बाळ मलूल पडले किंवा पाणीही पिईना, तर घरी थांबू नका.

एरवी ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायची मीठ-साखरेची पुडी. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या पाण्यात केली तर मीठ जास्त होऊन घातच होतो. छोट्या पुड्या 200 मिलीच्याही मिळतात, म्हणून पुडीवरचे वाचा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे 50 ते 100 मिली, चमच्या-चमच्याने, मिनिट-दोन मिनिटांनी. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. बाटलीने घटाघट पाजले की बहुधा सगळे बाहेर येते. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. सोबत डॉक्टरांना विचारून जस्ताची (झिंकची) गोळी, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस.

‘टाळू भरणे’चेही दोन अर्थ आहेत. डॉक्टर ‘टाळू भरली का?’ विचारतात आणि आज्या उत्तर देतात, ‘रोज भरतो, खोबरेल तेलाने’. तेलाने टाळू भरत नाही, हाड आपल्या वेगाने वाढून ती बुजते. दोन वर्षे झाली तरी उघडी असेल तर दाखवा.

फुगलेली टाळू हे निराळे प्रकरण. शांत, उभ्या धरलेल्या बाळाची टाळू ताठ फुगलेली आणि सोबत ताप, उलट्या, सुस्ती किंवा आकडी, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. तेव्हा लगेच 108 लावायचा. आकडी चालू असेल तर बाळाला कुशीवर वळवायचे आणि तोंडात काही घालायचे नाही, चमचाही नाही.